जुन्या पिनबॉल यंत्रात एवढे काय आहे?

फोनवर हवा तो खेळ मिळत असताना विजेवर चालणारे जुने यांत्रिक पिनबॉल (उतरत्या टेबलावर गोळी उडवून गुण मिळवण्याचे यंत्र) लोक घरी का ठेवतात आणि आपण ते घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. शिकागोजवळच्या आमच्या घराच्या तळघरात गॉटलिब कंपनीचे १९७५ चे ‘एल डोराडो’ आहे, म्हणून लिहितो.

या यंत्रात संगणक नाही. पोलादी गोळी टार्गेटवर आदळली की स्विचच्या पट्ट्या टेकतात, रिले (विजेने ओढला जाणारा स्विच) ओढला जातो आणि गुणांचे चक्र एक घर पुढे सरकते. पाचशे गुण मिळाले तर आतली मोटर फिरून शंभराची घंटी पाच वेळा वाजवते. तो आवाज वरून जोडलेला नाही, हिशेबच तसा ऐकू येतो.

हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, असे माझे मेहुणे दर दिवाळीला सर्वांसमोर सांगतात. जुगार म्हणूनच न्यूयॉर्कने १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली होती. पण तेव्हा यंत्रांना फ्लिपरच, म्हणजे बटण दाबून गोळी परतवणारे दांडेच, नव्हते; ते १९४७ मध्ये गॉटलिबचे रचनाकार हॅरी मॅब्स यांच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात आले. बंदी मात्र १९७६ पर्यंत टिकली, आणि त्या वर्षी पिनबॉलचे खेळाडू रॉजर शार्प यांनी, हा कौशल्याचा खेळ आहे हे दाखवायला, नगर परिषदेच्या सदस्यांसमोर गोळी कुठून जाईल ते आधी सांगून तसाच फटका मारला. पुढे शार्प यांनीच त्यात नशिबाचा भाग होता असे सांगितले, आणि नेमके तेवढेच मेहुण्यांनी वाचले आहे.

माझा पुरावा फ्लिपरच्या कॉइलमध्ये, म्हणजे त्याला उचलणाऱ्या तारेच्या गुंडाळीत, आहे. तिला दोन वेढे (वाइंडिंग) असतात: जाड तारेचा वेढा जोराने उचलतो, आणि फ्लिपर वर पोहोचताच एक स्विच उघडून बारीक तारेच्या वेढ्यालाही प्रवाहात घेतो, त्यामुळे बटण दाबून ठेवले तरी कॉइल जळत नाही. म्हणजे गोळी उचललेल्या फ्लिपरवर अडवून, विचार करून सोडता येते. नशिबाच्या खेळात अशी सोय कोण कशाला करील?

घ्यायचे की नाही? रिलेचे संपर्क स्वतः घासून साफ करायची तयारी नसेल तर घेऊ नका, कारण दुरुस्ती करणारे सहज मिळत नाहीत. अमेरिकेतून भारतात नेणार असाल तर ११५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि वजन शंभर किलोच्या आसपास असते हेही ध्यानात घ्या. घरात कोणी नशिबाचा विषय काढलाच, तर त्याला गोळी फ्लिपरवर थांबवून दाखवायला सांगा. आमच्या मेहुण्यांनी अजून बटणाला हात लावलेला नाही.