खोल्या राहू द्या गुरुजी, आधी तो दुसरा हप्ता थांबवा

वेरूळजवळच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी पावसात अडकलेला एक जपानी विद्यार्थी त्यांच्या घरी दोन रात्री राहिला. आत येताना त्यानं चपला दाराकडे तोंड करून लावल्या, ते गुरुजींच्या पत्नीला, म्हणजे बाईंना, फार आवडलं. बाईंनी त्याला भाकरी थापायला शिकवलं, त्याची पत्रं अजून येतात. आता गुरुजींना परसात पाहुण्यांसाठी दोन एसी खोल्या बांधायच्यात. त्यासाठी 11 टक्क्यांनी सहा लाखांचं कर्ज काढू का, असं ते विचारतात. पेन्शन 38 हजार. शेवटी एक ओळ आहे: ‘निवृत्तीच्या 28 लाखांची काळजी नाही. बँकेतल्या साहेबांनी विमा असलेली एफडी करून दिली. चार लाख भरले, पुढचा हप्ता महिन्याभरात आहे, त्यासाठी 24 लाख बचत खात्यात तयार ठेवलेत.’

गुरुजी, एफडीला हप्ता नसतो.

तुम्ही जोडलेला कागद मी वाचला, ती विमा पॉलिसी आहे. दहा वर्षं दरसाल चार लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर 64 लाख मिळणार. आकडा भारदस्त आहे, पण हिशोब केला तर परतावा साडेचार टक्के पडतो. पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही 74 वर्षांचे असाल. त्याहून वाईट म्हणजे 24 लाखांत आणखी सहाच हप्ते बसतात. आठवा हप्ता येईल तेव्हा तुम्ही सहासष्टीत, खातं रिकामं आणि तीन हप्ते, म्हणजे 12 लाख, बाकी. वर्षाची पेन्शन साडेचार लाख. त्यातून चार लाख भरून खाणार काय? निवृत्त माणसाला दहा वर्षांचा हप्ता विकणाऱ्याला हे कळत नव्हतं, असं मी मानत नाही.

पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत गेली. तरी दुसरा हप्ता भरू नका. एका वर्षाच्या हप्त्यावर, पहिलं वर्ष पूर्ण होताच, पॉलिसी सोडली तर किती मिळतील आणि तशीच ठेवली तर शेवटी किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. चारातले दीडेक लाख बुडाले असं धरून चाला. ते वाचवण्यासाठी आणखी 36 लाख घालायचे नाहीत. ‘एफडी सांगून पॉलिसी विकली’ अशी तक्रार बँक आणि विमा कंपनी दोघांकडे करा. महिन्याभरात दाद लागली नाही तर पुण्याला विमा लोकपाल आहेत. तिथे वकील लागत नाही, फीही नाही.

तुम्ही नुकतेच साठीचे झालात, ते बरं झालं. त्या 24 मधले 18 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला जवळपास 37 हजार येतील, महिन्याला बारा हजारांवर. उरलेले सहा लाख साध्या एफडीत, म्हणजे हप्ता नसलेल्या.

आता खोल्या. सहा लाखांचा पाच वर्षांचा हप्ता 13 हजार. नाश्त्यासकट 1,200 घेतले तर खर्च जाऊन सातशे उरतील, म्हणजे नुसत्या कर्जापायी महिन्याला एकोणीस मुक्काम हवेत. तुम्ही वीस धरलेत! संभाजीनगर जेमतेम तीस किलोमीटरवर, बहुतेक प्रवासी लेणी बघून संध्याकाळी तिकडेच परततात. मंगळवारी लेणी बंद. एप्रिल-मेच्या उन्हात कोण येतं, आणि आलं तरी टँकरच्या पाण्यावर किती जणांच्या आंघोळी काढणार?

माडीवरची खोली रिकामी आहे म्हणता. तिथे संडास-बाथरूम बांधा, लाखाच्या आत होईल, आणि पर्यटन संचालनालयाच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदवा. हुरड्याच्या दिवसांत सुरुवात करा. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला देणारा ऑनलाइन फॉर्म भरायचा, पैसे घ्या किंवा घेऊ नका. त्या जपानी मुलाच्या वेळी भरला होतात का, हे मी विचारत नाही. त्याच्यासारखे वर्षाला पाच-सहा आले आणि बाईंची येसर आमटी खाऊन गेले, तरी तुम्हाला हवं ते मिळेल. त्याला एसी लागत नाही.

एक राहिलंच. हप्ता खात्यातून आपोआप कापून घ्यायची परवानगी तुमच्याकडून घेतली असणारच. उद्या बँकेत जाऊन ती लेखी रद्द करा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.