चूक राहिली की झोप लागत नाही. बिनचूकपणाचा हट्ट कसा सोडू?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसचा चार ओळींचा मेल पाठवण्याआधी तुम्ही तो दहा वेळा वाचता, पाठवल्यावर पुन्हा उघडून वाचता आणि त्यात एखादी चूक सापडली तर रात्री झोप लागत नाही. पाहुणे येणार असले की दोन दिवस आधीपासून पोटात गोळा येतो. मन शांत व्हावं म्हणून ध्यान सुरू केलंत, पण ‘तेही मला नीट जमत नाही’ म्हणून आठवड्याभरात सोडून दिलंत. हे शेवटचं वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, कारण माझं नामजपाच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. त्याकडे येते.

मी 31 वर्षं मुद्रितशोधन करते. पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक छपाईला जाण्याआधी त्यांची प्रुफं तपासते. चुका शोधण्याचेच मला पैसे मिळतात. या कामाने डोळ्याला एक वळण लागतं. लग्नाची पत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसतात, नवरा-नवरीची नावं मागाहून. आमटी चाखली की मीठ किती कमी आहे ते जिभेला आधी कळतं, चव नंतर. कामापुरतं हे वळण चांगलंच आहे. पण ते मी घरी आणलं.

माझा मुलगा तिसरीत असताना एकदा टेबलावर चिठ्ठी ठेवून खेळायला गेला. ‘आई, मी खेळायला जातो. किल्ली काकूंकडे आहे. दुध पिलो.’ प्रुफांचा गठ्ठा समोर होता, लाल पेन हातात होतं. मी ‘दुध’चं ‘दूध’ केलं, ‘पिलो’वर काट मारून ‘प्यायलो’ लिहिलं आणि चिठ्ठी तिथेच ठेवली. त्यानंतर त्याने चिठ्ठ्या लिहिणं सोडलं. निरोप शेजारच्या काकूंना तोंडी सांगून जायचा. मला वाटलं, मुलगा मोठा होतोय. तो चोवीस वर्षांचा झाल्यावर एका रात्री फोनवर सहज म्हणाला, ‘तुला मेसेज लिहायला घेतला की मला लाल पेन दिसतं, म्हणून मी फोनच करतो.’ त्याच्या आवाजात राग नव्हता. मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

त्याच वर्षी कामातही एक घटना घडली. एका गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ पुस्तिका काढली होती. मी तीन वेळा तपासली होती, तरी छापून आल्यावर फोटोखालचं साल चुकलेलं निघालं. त्यांनी शांतपणे प्रत्येक प्रतीवर चिकटपट्टी लावून घेतली आणि कार्यक्रम व्यवस्थित पार पडला. मी मात्र दोन महिने नवं काम घेऊ शकले नाही. पान उघडलं की छातीत धडधड व्हायची. शेवटी बहिणीच्या आग्रहावरून एका समुपदेशक बाईंकडे गेले.

त्यांनी पहिल्याच भेटीत मला माझीच वाक्यं कागदावर लिहायला लावली. मी लिहिलं: ‘माझं काम बिनचूकच झालं पाहिजे. लोकांनी मला चोखच म्हटलं पाहिजे. एवढं तर मला जमलंच पाहिजे.’ कागद माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, ‘तुम्ही शोधक ना? मग यातलं काय काढायचं ते तुम्हीच सांगा.’ मी बघत राहिले. तिन्ही वाक्यांत ‘च’ होता.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1950च्या दशकात मांडलेली एक उपचारपद्धती आहे. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात आणि महाराष्ट्रात ती बरीच रुजली आहे. एलिस यांचं म्हणणं असं की माणसाला त्रास इच्छेमुळे होत नाही, त्या इच्छेचा हुकूम झाला की होतो. ‘काम चांगलं व्हावं असं मला मनापासून वाटतं’ ही इच्छा. ‘ते चांगलं झालंच पाहिजे, नाहीतर मी कसली’ हा हुकूम. इंग्रजीत हे समजावायला परिच्छेद लागतो, मराठीत एक अक्षर पुरतं. ‘व्हावं’ आणि ‘झालंच पाहिजे’ ही दोन रूपं मोठ्याने म्हणून पाहा. दुसरं म्हणताना जबडा आवळला जातो.

‘नाहीतर मी कसली’ हे त्याचं शेपूट त्याहून घातक. चूक सापडली की उणं काय ठरतं? काम ठरलं तर ते दुरुस्त करता येतं. मी ठरले, तर दुरुस्त काय करणार? एलिस यांचा आग्रह होता की मोजमाप कृतीचं करा, अख्ख्या माणसाला मार्क देऊ नका. बुद्धीला हे पाच मिनिटांत पटतं. अंगात मुरायला मला दीड वर्ष लागलं, म्हणून तुम्हाला लगेच जमलं नाही तर घाबरू नका.

इथे एक गैरसमज दूर करते. मी अजूनही प्रुफं तितक्याच काळजीने तपासते. औषधाच्या पत्रकावर मिलिग्रॅमचा आकडा चुकून चालत नाही आणि तो मी चार वेळा पाहते. आपल्याकडे ‘निगुतीने’ असा सुंदर शब्द आहे. निगुतीने केलेल्या कामात जीव ओतलेला असतो, हट्टाने केलेल्या कामात जीव मुठीत धरलेला असतो. तुमच्या मेलचं बघा. दुसऱ्या वाचनात तुम्ही मजकूर पाहत असाल. पाचव्या वाचनापासून तुम्ही स्वतःला वाचवत असता.

आणि बिनचूक म्हणजे तरी काय? 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले कितीतरी अनुस्वार गेले. त्याआधी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ हेच शुद्ध होतं. माझ्या वडिलांची जुनी पत्रं माझ्याकडे आहेत. त्या काळच्या नियमाने ती निर्दोष, आजच्या नियमाने ओळीओळीला चुका. शिवाय मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ हा नियम, पण ‘आणि’ आणि ‘नि’ ऱ्हस्वच. नियम करणाऱ्यांनीही भाषेला थोडी मोकळी जागा ठेवली. मी मुलाला ठेवली नव्हती.

आता नामजप. ध्यान सोडलंत म्हणता, तसा मी जप सोडला होता. सकाळी 108 मण्यांची माळ घेऊन बसायचे. मध्ये मन भरकटलं की ती माळ बाद, पुन्हा पहिल्या मण्यापासून. कधी कधी तासाभरात एकही माळ पुरी व्हायची नाही. देवासमोरून उठायचे ती कातावलेली. म्हणजे जिथे विसावा मिळायचा, तिथेही मी परीक्षेला बसत होते आणि पेपर तपासणारीही मीच होते.

मला वाट सापडली ती आमच्याच घरच्या पूजेत, जी मी लहानपणापासून बघत आले होते. षोडशोपचार पूजेत देवाला वस्त्र द्यायचं असतं, अलंकार द्यायचे असतात. घरात ते नसतील तर गुरुजी थांबतात का? ते म्हणतात, ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि.’ चिमूटभर तांदूळ वाहिले की उपचार पुरा. नसलेल्या गोष्टीची तरतूद विधीतच करून ठेवली आहे. अक्षत म्हणजे न तुटलेला तांदूळ. पण ताटलीत निरखून पाहिलं तर एखादी कणी असतेच आणि तीही हळदीकुंकवासकट देवाला पोचते. पूजेच्या शेवटी क्षमाप्रार्थना येते: ‘मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर.’ मंत्र चुकले असतील, क्रिया चुकली असेल, फार काय, भक्तीही कमी पडली असेल, तरी हे पूर्ण मानून घे. जुन्या पुस्तकांना शेवटी शुद्धिपत्र जोडलेलं असे. हे मला पूजेचं शुद्धिपत्र वाटतं. फरक इतकाच की पुस्तकाचं शुद्धिपत्र चुका सापडल्यावर लिहितात, हे आधीच लिहून ठेवलेलं आहे आणि ज्याची पूजा उत्तम झाली त्यालाही ते म्हणावं लागतं.

ज्ञानेश्वर महाराज तर पहिल्याच अध्यायात श्रोत्यांना विनवतात: ‘न्यून तें पुरतें । अधिक तें सरतें । करूनि घेयावें.’ कमी पडेल ते भरून घ्या, जास्त होईल ते चालवून घ्या. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे 1290ची. पैठणच्या एकनाथ महाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली. मूळ ग्रंथ अतिशुद्धच होता, पुढे पाठभेदांमुळे तो बिघडला, असं नाथांनीच नोंदवून ठेवलं आहे. मी त्यांना आमच्या कामातले मूळपुरुष मानते. पूर्वी ही हकिकत मी शुद्धतेच्या बाजूने सांगायचे. आता त्या मधल्या 294 वर्षांचा विचार मनात येतो. हाताने उतरवलेल्या, चुकत गेलेल्या पोथ्या लोकांनी उशाशी ठेवल्या, दुःखात उघडल्या, मुलांना वाचून दाखवल्या. त्यांना त्यातून आधार मिळाला नसता, तर नाथांच्या हाती शुद्ध करायला काही उरलंच नसतं.

मी जप पुन्हा सुरू केला, पण माळ बाजूला ठेवली. दहा मिनिटं बसते. मन गेलं की गेलं, लक्षात आलं की पुढच्या नामापासून सुरू. मागे जायचं नाही, एवढाच नेम. ध्यानातही मन भटकणं म्हणजे नापास होणं नव्हे. भटकलेलं मन लक्षात येतं आणि आपण ते परत आणतो, तोच तर सराव. वीस वेळा भटकलं तर वीस वेळा सराव झाला.

आणखी एक केलं. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात जाऊ लागले, दर मंगळवारी दुपारी. पहिल्या दिवशी माझा टाळ चुकला आणि मी हात खाली घेतले. शेजारच्या काकूंनी गाता गाताच कोपराने ढोसलं. कोणी थांबलं नाही, कोणी पाहिलंही नाही. पखवाज चालू होता, पुढच्या समेला माझा टाळ आपोआप जागेवर पडला. दोघींचे आवाज बसलेले, एक बाई अर्धा सूर वरच असतात, आणि ‘जय जय राम कृष्ण हरी’ला माझ्या अंगावर काटा येतो. तुम्हाला देवाधर्माची ओढ नसेल तर चित्रकलेचा वर्ग, गाण्याचा वर्ग, टेकडीवर चालायला जाणारा गट, काहीही शोधा. चारचौघांसोबत चुकण्याची सवय एकट्याने लागत नाही.

समुपदेशक बाईंनी दिलेला एक अभ्यास तुम्ही उद्यापासून करू शकता. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे लिहायचं, ‘चूक राहिली तर काय होईल असं वाटतं’. मग मुद्दाम एक निरुपद्रवी चूक ठेवायची आणि आठवड्याने उजवीकडे लिहायचं, ‘प्रत्यक्षात काय झालं’. मला पहिल्यांदा ताईला मेसेज पाठवायचा होता, त्यात ‘आशीर्वाद’ हा शब्द ‘आशिर्वाद’ असा लिहून. हसण्यासारखं वाटेल, पण पाठवताना माझा तळहात घामाने ओला झाला होता. डावीकडे मी लिहिलं होतं: ‘ताईला वाटेल हिचं कामातलं लक्ष उडालं.’ उजवीकडे लिहिलं: ‘ताईचा फोन आला. लोणच्याच्या कैऱ्या कधी घेऊ, विचारत होती.’ अशी चाळीसेक पानं भरली. डावीकडचं भाकीत खरं ठरलं असं तीनदा झालं. तिन्ही वेळा मी माफी मागितली, दुरुस्ती केली आणि विषय संपला.

हे तुमचं एकटीचं आहे असं मात्र समजू नका. करन आणि हिल या दोन संशोधकांनी 1989 ते 2016 या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून पाहिली. परिपूर्णतेचा ध्यास पिढीगणिक वाढताना दिसला, आणि सगळ्यात जास्त वाढ झाली होती ती ‘इतरांना माझ्याकडून परिपूर्णता हवी आहे’ या भावनेत. आकडे तिकडचे असले तरी ती भावना तुमच्या प्रश्नातही दिसते. म्हणून एक विचारते: तुमच्या साहेबांनी मेलमधल्या चुकीवरून तुम्हाला खरंच कधी बोल लावला आहे का, की तो आवाज त्याहून जुना, घरातला किंवा शाळेतला आहे?

तपासण्यात रोज तासन् तास जात असतील, झोप आणि जेवण बिघडलं असेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक 14416, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. वेळेवर मदत घेतली असती तर ते दोन महिने माझे वाचले असते.

बाकी, उद्याचा पहिला मेल दोनदा वाचा आणि पाठवा. ‘सेंट’मध्ये जाऊ नका. त्याआधी वहीत डावा रकाना भरून ठेवा. आठवड्याने उजवीकडे काय लिहिलंत ते इथे कळवलंत तर मला वाचायला आवडेल. घाईत, जसं सुचेल तसं लिहा.