एसयू कार्ब्युरेटरच्या डोममधलं (वरच्या घुमटासारख्या भागातलं) तेल पंधरवड्यात संपतं, पण बाहेर एक थेंब दिसत नाही. जातं कुठे?

तुमची गाडी अँबॅसॅडर मार्क-२, १४८९ सीसीची. तेल भरल्यावर पंधरा दिवसांत डोम कोरडा होतो, पिकअप घेताना गाडी अडखळते, आणि मिस्त्री कार्ब्युरेटरच बदलायला सांगतोय. एवढ्यावर बदलू नका. तेल कोणत्या वाटेनं जातंय हे आधी शोधा. वाटा मोजक्याच आहेत.

डोमखाली कार्ब्युरेटरचा स्वतःचा पिस्टन असतो, इंजिनाचा नव्हे. त्याला वरच्या बाजूनं एक पोकळ दांडी असते. तेल त्या दांडीत असतं आणि डोमच्या कॅपला लटकलेला डँपर (हालचाल मंदावणारा छोटा दट्ट्या) त्या तेलात बुडलेला असतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टन एकदम वर उसळू नये आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण क्षणभर रिच (जास्त पेट्रोलचं) राहावं, एवढंच त्याचं काम. तेल संपलं की पिस्टन झटकन उचलला जातो, मिश्रण लीन (कमी पेट्रोलचं) होतं आणि गाडी गचका देते. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तेल असतं जेमतेम एक छोटा चमचा. ते इंजिनात ओढलं जाऊन जळतं, पण इतक्या थोड्या तेलाचा धूर दिसत नाही. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर तो इंजिनाचा वेगळा प्रश्न आहे.

बहुतेक वेळा दोष जास्त तेल भरण्याचा असतो. डोम काठोकाठ भरला की वरचं तेल दांडीच्या बाहेरून पिस्टनच्या चकतीवर उतरतं आणि पिस्टनमधल्या निर्वाताच्या भोकांतून थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या झडपेकडे, ओढलं जातं. बरोबर पातळी बघायला डँपरच काडीसारखा वापरा. तो हळू आत सोडा. कॅपचे आटे डोमच्या तोंडापासून सुमारे ६ मिमी वर असताना हाताला अडथळा लागला पाहिजे. तेल एसएई २० किंवा साधं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, त्यानं गचका तसाच राहतो. गिअर ऑइल घातलं तर पिस्टन आळशी होतो आणि मिश्रण गरजेपेक्षा रिच राहतं.

आता खरी परीक्षा. सपाट जागी, थंड इंजिनावर बरोबर पातळी करा आणि गाडी रात्रभर चालू न करता ठेवा. सकाळी पातळी उतरलेली असेल तर दांडी खालून गळतेय. तशीच असेल तर आठवडाभर गाडी वापरून पुन्हा बघा. एकदा थोडी उतरून तिथेच थांबली तर काही बिघाड नाही, पूर्वी तेल जास्त पडत होतं. उतरतच राहिली तर डोम उघडा.

एअर फिल्टर काढा. डोम आणि बॉडीवर जुळती खूण करा, म्हणजे परत बसवताना फिरणार नाही. कॅप, डँपर, मग स्क्रू काढा आणि डोम सरळ वर उचला. स्प्रिंग बाजूला ठेवा. तिला ताणू किंवा दाबू नका. पिस्टन सरळ वर काढा. खालची निडल (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी बारीक सुई) कुठेही टेकता कामा नये, म्हणून पिस्टन काचेच्या बरणीच्या तोंडावर ठेवा, निडल आत लोंबती. काहीही पुसण्याआधी आणि दांडीतलं तेल ओतण्याआधी नीट बघा, कारण एकदा फडकं फिरलं की पुरावा गेला. चकतीचा वरचा भाग तेलानं ओला असेल तर तेल वरून ओसंडतंय. तिथे नुसता पातळ थर आहे, पण निडलच्या बुडाशी तेलाची कड दिसते, तर दांडीचं बूड गळतंय. खात्रीसाठी बरणीत टिश्यू पेपर घाला, दांडीत तेल भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. कागदावर डाग पडला की निदान झालं.

बूड गळत असेल तर पेट्रोलनं पूर्ण साफ करून, सुकवून, पेट्रोल सहन करणारा पातळ अ‍ॅनारोबिक (हवा न लागता घट्ट होणारा) सीलंट सांध्यात झिरपवतात. तेवढ्यानं थांबलं नाही तर पिस्टन आणि डोमची जोडी बदला. दोन्ही एकमेकांना जुळवलेले असतात. एकाचा डोम दुसऱ्याच्या पिस्टनवर कधीही लावू नका.

वरून येत असेल तर कॅपकडे बघा. इथे जुन्या गाड्यांत फार घोळ झालेला आढळतो. काही डोमच्या मानेत आडवं भोक असतं. त्यांना बिनभोकाची कॅप लागते. तिथे भोकाची कॅप लावली तर बाहेरची हवा आत शिरते आणि सोबत तेलही खेचलं जातं. मानेत भोक नसेल तर कॅपला भोक हवंच, नाहीतर अडकलेली हवा पिस्टनच्या हालचालीबरोबर तेल ढकलत राहते. कॅपखालचा फायबर वॉशर आहे ना तेही बघा. कॅप बरोबर असूनही तेल येत असेल तर दांडी डोमच्या नळीत घालून हलवा. आडवी खेळत असेल तर झीज आहे, आणि उपाय तोच: नवी जोडी.

बसवताना डोमच्या आतल्या भिंतीला तेल लावू नका, फक्त दांडीला एक थेंब. मग बोटानं पिस्टन उचला: वर जाताना जड लागला पाहिजे आणि सोडल्यावर मोकळेपणानं खाली येऊन टक् असा आवाज झाला पाहिजे. आवाज नाही आला तर पिस्टन घासतोय. पुढे दर ५,००० किमीला पातळी बघत चला.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. कार्ब्युरेटर बाहेरून ओला दिसला, वास पेट्रोलचा असला, तर ते तेल नाही. फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) ओव्हरफ्लो नळीतून येत असेल तर निडल व्हॉल्व्हमध्ये (पेट्रोल आत सोडणाऱ्या झडपेत) कचरा आहे किंवा फ्लोट, म्हणजे आतला तरंगता गोळा, भोक पडून बुडतोय. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळेल. जेटची (निडल ज्यात उतरते त्या पेट्रोलच्या तोंडाची) नायलॉन नळी फ्लोट चेंबरच्या बुडाला लागते तिथून येत असेल तर तिथलं रबर कडक झालंय. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरच्याच बाजूला, खाली आहे. त्यामुळे पेट्रोल टपकत असताना गाडी चालू करू नका.