संगणक-सल्ला : घरघरणारा पंखा आणि खारी हवा

प्रोसेसरच्या पंख्याच्या आवाजाविषयी किनारपट्टीवरील वाचकांकडून आलेल्या चार पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझे सेवा केंद्र बाजारपेठेत असून सातबारा उतारे, दाखल्यांचे अर्ज, वीजबिलांचा भरणा अशी कामे तेथे दिवसभर चालतात. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या संगणकाचा पंखा पावसाळ्यापासून इतक्या मोठ्याने फिरू लागला आहे की समोर बसलेल्या माणसाचे बोलणे नीट ऐकू येत नाही. सकाळी संगणक सुरू केला की तो शांत असतो, पण दहा-पंधरा मिनिटांत आवाज वाढतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. दुरुस्ती करणारे गृहस्थ पंखा बदलण्यास सांगतात. बदलावा काय? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : एवढ्यात बदलू नये. आवाज तापल्यानंतर वाढतो, हे आपण लिहिलेत ते फार उपयोगी आहे. ज्या पंख्याचे बेअरिंग झिजलेले असते तो बहुधा संगणक सुरू करताच, थंड असतानाच घरघरतो आणि तापून वंगण थोडे पातळ झाले की पुष्कळदा काहीसा निवळतो. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडत आहे, म्हणजे पंखा बिघडलेला नसून प्रोसेसरची उष्णता निघत नसल्यामुळे मदरबोर्ड (संगणकाच्या आतील मुख्य सर्किटची पाटी) त्याला अधिकाधिक वेगाने पळवत आहे. अशा स्थितीत नवा पंखा आणला तरी तोही त्याच वेगाने फिरू लागेल.

उष्णता का निघत नाही, याचे उत्तर पंख्याच्या खाली असलेल्या हीटसिंकमध्ये, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या पात्यांच्या धातूच्या ठोकळ्यात, सापडण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन ओले होते. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक काळ याहून अधिकच असते, त्यामुळे हीटसिंकच्या पात्यांवर बसलेली धूळ, विशेषतः चिऱ्याच्या भिंतींची आणि रस्त्यावरची तांबडी धूळ, सुटी न राहता चिकट थर होऊन बसते. पंखा वरून स्वच्छ दिसतो, पण तो सोडवून खाली पाहिल्यास पात्यांमधल्या फटी लोकरीसारख्या थराने बुजलेल्या आढळतात. म्हणूनच पावसाळ्यापासून सुरू झालेला हा त्रास पाऊस गेल्यावरही आपोआप जात नाही.

संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, कॅबिनेट उघडावे. रंगकामाच्या मऊ ब्रशाने थर सुटा करावा आणि मग हातातल्या लहान ब्लोअरने बाहेर काढावा. ब्लोअर चालवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा हवेच्या झोताने पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खराब होते. कॅबिनेट उचलून टायर-पंक्चरच्या दुकानात हवा मारून आणण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती टाळावी, कारण त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी आणि तेल हवेबरोबर थेट मदरबोर्डवर उडते.

ब्रशाने धूळ जाते, पण मीठ पुरते जात नाही. थर फारच चिकट असेल तर हीटसिंक पूर्ण काढून, त्यावरचा पंखा वेगळा करून, केवळ धातूचा भाग पिण्याच्या पाण्याने धुवावा आणि उन्हात कडकडीत वाळवावा. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास ते वापरू नये. हीटसिंक काढला की त्याखालची, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट नव्याने लावणे अपरिहार्य असते, आणि काही वर्षे चाललेल्या संगणकात ती वाळलेलीच असण्याचा संभव असल्यामुळे हे काम एरवीही करण्याजोगे आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाटाण्याच्या दाण्याहून थोडी कमी पेस्ट प्रोसेसरच्या मध्यभागी ठेवावी. ती दाबाने आपोआप पसरते आणि जास्त लावल्याने काहीही लाभ होत नाही. एएमडीच्या एएम4 प्रकारच्या प्रोसेसरवरील हीटसिंक सरळ वर ओढू नये, कारण वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच खोबणीतून उपटून त्याच्या पिना वाकतात. आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, तो बंद करून वायर काढावी आणि मग हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून उचलावा. इंटेलबरोबर येणाऱ्या पंख्याच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या परत बसवताना समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबाव्यात. त्यांतील एक जरी अर्धवट बसली, तरी हीटसिंक कलता राहतो आणि आवाज पहिल्यापेक्षा वाढतो. पुष्कळांची साफसफाई येथेच फसते.

शेवटी, संगणक काउंटरखालच्या बंद कप्प्यात ठेवला आहे काय, ते पाहावे. आवाज कमी यावा म्हणून कप्प्याला दार लावणे हा उपाय वाटतो, प्रत्यक्षात तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते, आणि आत जाणारी हवा जितक्या अंशांनी तापते जवळपास तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. कप्प्याची मागची फळी काढून टाकावी. एवढे करूनही पंखा पळतच राहिला, तर टास्क मॅनेजरमध्ये कोणता प्रोग्राम प्रोसेसर विनाकारण राबवत आहे ते तपासावे. सेवा केंद्रांत अनेकांचे पेनड्राइव्ह लागत असल्याने व्हायरसची शंका अगदीच दूरची नाही.

प्रश्न : आमच्या वाडीतील भजनी मंडळाच्या डबलबारीचा सराव मी घरी संगणकावर ध्वनिमुद्रित करतो. पखवाज आणि हार्मोनियम थांबले की मागे पंख्याची सततची घूं ऐकू येते. पंखा आणि हीटसिंक स्वच्छ केलेले आहेत. मुद्रण चालू असेपर्यंत पंखा बंद ठेवला तर चालेल काय? (एक वाचक, मालवण)

उत्तर : पंखा बंद ठेवू नये. तापमान ठरावीक मर्यादेला, म्हणजे अनेक इंटेल प्रोसेसरांच्या बाबतीत सुमारे 100 अंश सेल्सिअसला पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि मुद्रणात मध्येच तुटक आवाज येऊ लागतो.

आपल्याला ऐकू येणारा आवाज बेअरिंगचा नसून हवेचा आहे आणि तो वेगावर फार अवलंबून असतो : त्याच पंख्याचा वेग निम्मा केल्यास आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, तर हवेचा प्रवाह निम्माच होतो. त्यामुळे वेग थोडा जरी कमी करता आला, तरी कानाला मोठा फरक जाणवतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, पंख्याच्या नियंत्रणाची सोय असते. असूसच्या मदरबोर्डवर ती क्यू-फॅन आणि गिगाबाइटच्या मदरबोर्डवर स्मार्ट फॅन या नावाने आढळते. तेथे 60 अंशांपर्यंत वेग कमीत कमी आणि त्यापुढे हळूहळू वाढता ठेवावा. वेग वाढण्यास काही सेकंद विलंब लावण्याची सोय असल्यास तीही वापरावी, कारण एकसारख्या घूं पेक्षा क्षणाक्षणाला चढणारा-उतरणारा आवाज मुद्रणात अधिक खुपतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली की बहुतेक संगणकांत टर्बो, म्हणजे प्रोसेसर गरजेनुसार घेतो तो जादा वेग, बंद होतो आणि उष्णता बरीच घटते. भजनाच्या मुद्रणाला टर्बोची मुळीच गरज नसते. नवा हीटसिंक घेण्याची तयारी असेल तर 120 मिलिमीटरच्या पंख्याचा घ्यावा, कारण मोठा पंखा कमी वेगात तितकीच हवा हलवतो. त्याआधी कॅबिनेटची रुंदी मात्र मोजून घ्यावी.

तरीही माझ्या मते आपल्या बाबतीत सर्वांत स्वस्त उपाय संगणकाच्या बाहेर आहे. एका दिशेचाच आवाज घेणारा मायक्रोफोन असेल तर त्याची पाठ संगणकाकडे करावी आणि संगणक शेजारच्या खोलीत किंवा पडवीत सरकवावा. साध्या यूएसबी 2.0 वायरीची लांबी 5 मीटरपर्यंत चालते, तेवढी बहुधा पुरते. सारवलेली जमीन आणि गिलावा केलेल्या भिंती असलेल्या रिकाम्या खोलीत पंख्याचा आवाज भिंतींवरून परत येतो, तेव्हा दोन गोधड्या दोरीवर टाकण्यानेही फरक पडेल.

प्रश्न : सुरू करताना आमचा पंखा कर्कश घरघरतो. त्याच्या मध्यभागी खोबरेल तेल सोडावे, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. ते योग्य आहे काय? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : खोबरेल तेल नको. ते सुमारे 24 अंशांखाली थिजते, आणि उष्णतेत काही महिन्यांत खवट व चिकट होऊन बेअरिंगमध्ये धूळ धरून ठेवते. साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्याचा मधला स्टिकर उचलून, आत रबरी बूच असल्यास ते काढून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि स्टिकर पुन्हा घट्ट बसवावा. स्टिकर तेलकट झाला तर चिकटत नाही, म्हणून आधी तो भाग पुसून घ्यावा. बॉल बेअरिंगचा किंवा पूर्ण बंद बांधणीचा पंखा असेल तर या उपायाच्या नादी लागू नये, पंखाच बदलावा. तेलाने मिळणारी शांतता अनेकदा काही महिन्यांचीच असते. तेवढ्यात नवा पंखा मागवून ठेवावा.

प्रश्न : जुना पंखा बदलून नवा बसवला, तर तो पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने फिरतो आणि जुन्याहून अधिक आवाज करतो. पंखा सदोष आहे काय? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : पंख्याला येणाऱ्या वायरी मोजाव्यात. चार वायरींच्या पंख्याला 12 व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या वायरीवरील संकेताने त्याचा वेग ठरतो. तीन वायरींच्या पंख्याला ती वायरच नसते, त्यामुळे मदरबोर्ड चार वायरींच्या पद्धतीवर ठेवलेला असेल तर असा पंखा सतत पूर्ण वेगानेच पळतो. बायोसमध्ये त्या जोडणीची पद्धत पीडब्ल्यूएम (चौथ्या वायरीवरील संकेताची) ऐवजी डीसी किंवा व्होल्टेज (व्होल्ट कमी-जास्त करण्याची) अशी करता येत असल्यास करावी. तो पर्याय नसेल तर दुकानातून त्याच मापाचा चार वायरींचा पंखा बदलून आणावा आणि बदलण्यापूर्वी जुना पंखा बरोबर नेऊन भोकांमधील अंतर जुळते ना, ते पाहून घ्यावे.