वाचकांचे प्रश्न : बँडला सरकारी अनुदान मिळतं का?

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकचे चौघं मित्र. गिटार, बास, ड्रम्स आणि कीबोर्ड. स्वतःची मराठी गाणी करतो, कॉलेजांमध्ये आणि कधीमधी पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये वाजवतो. आता एक मोठं काम हाती घ्यायचंय. लासलगावच्या कांदा लिलावातला पुकारा, ट्रॅक्टरांची रांग, वजनकाट्यावरची बोलणी यांतून पाऊण तासाची सलग रचना करायची आहे. पैसे नाहीत. सरकार फक्त शास्त्रीय आणि लोकसंगीताला अनुदान देतं असं सगळे सांगतात. एका ओळखीच्यांचा सल्ला असा, की अर्जात ‘लोप पावत चाललेल्या लोककलेचं जतन’ असं लिहा, म्हणजे काम होऊन जाईल. आमची नोंदणीकृत संस्था नाही. काय करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी त्या सल्ल्याबद्दल. तसं अजिबात लिहू नका. अर्ज वाचणाऱ्या समितीत लोककलेत आयुष्य घालवलेली माणसं असतात आणि दोन परिच्छेदांत त्यांना खरं काय ते कळतं. समजा नाही कळलं आणि पैसे मंजूर झाले, तरी मंजुरी मिळते ती लोककलेच्या जतनाला. काम संपल्यावर अहवाल आणि हिशेब त्याच कामाचा द्यायचा असतो. तेव्हा बास आणि ड्रम्सचं बिल कोणत्या जतनाखाली दाखवणार? शिवाय कांद्याचा लिलाव लोप पावत चाललेला नाही, रोज होतो. तुमच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. ती झाकून ठेवून अर्ज करायचा म्हणजे कामाचा जीवच बाहेर ठेवायचा.

समकालीन संगीतासाठी आपल्याकडे वेगळं खातं नाही, हे खरं आहे आणि ते मला मनापासून सलतं. जर्मनीत रॉक, पॉप, जॅझसाठी ‘इनिशिएटिव्ह म्युझिक’ ही संस्था 2007 पासून सरकारी पैशावर काम करते. ऑस्ट्रेलियाने 2023 मध्ये ‘क्रिएटिव्ह ऑस्ट्रेलिया’च्या छत्राखाली ‘म्युझिक ऑस्ट्रेलिया’ सुरू केलं, तेही समकालीन संगीतासाठीच. आपल्या राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय नाटकांना आणि तमाशा-दशावतारासारख्या लोककलांना अनुदान देतं, पण त्यात तुमच्या बँडचा रकाना सापडणार नाही.

तरी दार बंद नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ‘कला संस्कृती विकास योजना’ आहे. तिच्यात सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मिती यांसाठी अनुदानाचा एक भाग आहे. कागदोपत्री सगळे त्याला सीएफपीजी म्हणतात. महोत्सव, कार्यशाळा, परिसंवाद, संशोधन, नवी निर्मिती असं बरंच काही त्यात बसतं, आणि संगीत शास्त्रीयच हवं अशी अट नाही. एका प्रकल्पाला साधारण 5 लाखांपर्यंत मिळतात. अपवादात्मक परिस्थितीत ही मर्यादा 20 लाखांपर्यंत वाढवता येते, पण पहिल्या अर्जात तिकडे पाहू नका. एकूण खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंतच अनुदान असतं. उरलेला वाटा संस्थेने उभा करायचा.

आता संस्थेचा प्रश्न. हे अनुदान व्यक्तीला किंवा बँडला मिळत नाही. नोंदणीकृत संस्था, न्यास, विद्यापीठ अशांनाच मिळतं, आणि संस्थेच्या नोंदणीला तीन वर्षं झालेली असावी लागतात. तुम्ही आज 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण जमवून संस्था काढलीत, धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद केलीत, तरी या अर्जासाठी थांबावं लागेल. संस्था जरूर काढा, पण हे काम तिच्यासाठी अडवून ठेवू नका. नाशिकमध्ये एखादं संगीत मंडळ, नाट्यसंस्था किंवा जुनं वाचनालय शोधा, ज्यांचं ऑडिट दरवर्षी होतं आणि ज्यांची नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवर नोंद आहे. अर्ज त्यांच्या नावाने जाईल, काम तुम्ही कराल.

अशा वेळी तोंडी भरवशावर राहू नका. मी एका संगीत मंडळाचे कागद बरीच वर्षं सांभाळते आहे, आणि चांगल्या माणसांची मनं पैशापेक्षा न बोललेल्या गोष्टींवरून दुखावलेली पाहिली आहेत. संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव घ्या. सोबत दोन पानांचा करार करा : पैसे संस्थेच्या खात्यात येतील, कोणाच्या सहीने निघतील, मानधन किती दिवसांत मिळेल, संस्थेला व्यवस्थापनापोटी काही द्यायचं का. आणि ठळकपणे लिहा, की रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क तुमचे. संस्थेचं नाव प्रत्येक कार्यक्रमात आदराने येईल हेही लिहा. तो त्यांचा हक्क आहे.

आता अंदाजपत्रक. माझ्या मते खरा अर्ज हाच. प्रस्तावनेत ‘संगीत ही विश्वाची भाषा’ वगैरे कोणीही लिहितं. तुम्ही कामाचा किती विचार केलाय ते आकड्यांत दिसतं. उदाहरण म्हणून मी तुमच्या कामाचं एक मांडून पाहिलं. रचनाकाराचं मानधन 80 हजार. चार वादकांना प्रत्येकी 30 हजार, म्हणजे 1 लाख 20 हजार. बाजारातलं ध्वनिमुद्रण 40 हजार. तालमीची खोली 30 दिवस, दिवसाला दीड हजार, म्हणजे 45 हजार. तीन गावांत तीन प्रयोग. सभागृह, साउंड आणि लाइट मिळून प्रत्येकी 70 हजार, म्हणजे 2 लाख 10 हजार. प्रवास आणि जेवणखाण 45 हजार, प्रसिद्धी 30 हजार, चित्रीकरण 50 हजार, हिशेब आणि ऑडिट 20 हजार. बेरीज 6 लाख 40 हजार. त्याचे 75 टक्के म्हणजे 4 लाख 80 हजार मागायचे. 1 लाख 60 हजार तिकीटविक्री, देणग्या आणि संस्थेचा वाटा यांतून येतील असं दाखवायचं. तुमच्या गावातले दर वेगळे असतील, म्हणून साउंडवाल्याचं आणि सभागृहाचं लेखी दरपत्रक घ्या आणि अर्जाला जोडा.

यातल्या मानधनाच्या ओळी कृपा करून काढू नका. बहुतेक तरुण वादक अंदाजपत्रकात स्वतःसाठी शून्य लिहितात, जणू स्वतःचे पैसे मागणं लाजिरवाणं आहे. लाइटवाल्याला पैसे, छापखान्याला पैसे आणि ड्रमरला चहा, हे मला पाहवत नाही. ध्वनिमुद्रणाच्या 40 हजारांतला एक भाग लिलाव पुकारणाऱ्यांसाठी राखून ठेवा. त्यांचा आवाज आणि त्यांची लय तुम्ही घेणार आहात. त्यांची लेखी संमती घ्या, त्यांना पैसे द्या, कार्यक्रमाच्या कागदावर नाव छापा. बाजार समितीची परवानगीही लेखी हवी. नवा अ‍ॅम्प्लिफायर किंवा गिटारचं पेडल मात्र या अर्जात घालू नका. लागतील ती वाद्यं भाड्याने दाखवा.

प्रकल्पाचं वर्णन दोन पानांत बसवा. पहिल्याच वाक्यात काम सांगा : ‘लासलगावच्या कांदा बाजारातील लिलावाच्या पुकाऱ्यावर आधारित 45 मिनिटांची नवी रचना, चार वादक, तीन प्रयोग.’ मग महिन्यांचं वेळापत्रक. मग प्रयोग कुठे होणार ते. एक प्रयोग लासलगावातच करा, शेतकऱ्यांना येता येईल अशा वेळी, आणि हे अर्जात लिहा. ज्यांच्या आवाजातून काम उभं राहिलं त्यांनी ते ऐकलंच पाहिजे, असं मला अगदी आतून वाटतं. सोबत तुमच्या दोन गाण्यांची स्वच्छ ध्वनिमुद्रणं आणि लिलावावरचा पाच मिनिटांचा कच्चा तुकडा द्या. न ऐकलेल्या संगीताला पैसे देणं कोणत्याही समितीला अवघडच जातं. आणि मंजुरीपत्र हातात येईपर्यंत सभागृहाची आगाऊ रक्कम भरू नका.

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांची आहे, सावंतवाडीची. बीएससी झालंय. लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करते, सगळं स्वतः शिकले. तरुण कलाकारांना सरकारची दरमहा 5 हजारांची शिष्यवृत्ती असते ना? मी अर्ज करू का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : तू म्हणतेस ती शिष्यवृत्ती 18 ते 25 वयोगटासाठी आहे, दरमहा 5 हजार रुपये, दोन वर्षं. पण ती गुरूकडे पुढचं शिक्षण घेण्यासाठी आहे आणि आधी निदान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं. विषयांची यादीही ठरलेली : शास्त्रीय संगीत आणि नृत्य, नाटक, दृश्यकला, लोककला, आणि सुगम शास्त्रीयात ठुमरी, दादरा, गझल, कव्वाली, रवींद्र संगीत असे प्रकार. तुझं काम त्यात बसत नाही. कोणाचं तरी नाव गुरू म्हणून लावून अर्ज करू नकोस.

तुझ्यासाठी पुढची पायरी जास्त योग्य आहे. पंचविशी गाठलीस की कनिष्ठ पाठ्यवृत्तीला, म्हणजे ज्युनियर फेलोशिपला, पात्र होशील : 25 ते 40 वय, कोणत्याही शाखेची पदवी, दरमहा 10 हजार, दोन वर्षं. द्वारका, दिल्ली इथलं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, हे काम पाहतं. ही पाठ्यवृत्ती अभ्यासप्रकल्पासाठी असते. ‘मला ट्रॅक करायचे आहेत’ एवढ्याने भागणार नाही, प्रश्न हवा. तू सावंतवाडीची आहेस, दशावतार तुझ्या दारात होतो. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात पखवाज, झांज आणि पेटी प्रसंगाप्रमाणे वेग कसा बदलतात, याची नोंद करून त्यावर इलेक्ट्रॉनिक रचनेची एक पद्धत बांधता येईल का? हा खरा अभ्यास आहे आणि त्यातून संगीतही निघेल. पण मला सुचलं म्हणून घेऊ नकोस. तुला दशावतार ऐकताना झोप येत असेल तर दुसरा विषय शोध. दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो, आणि न आवडणाऱ्या विषयावर असे चार अहवाल लिहिणं फार कठीण जातं. आत्तापासून वर्षभर ध्वनिमुद्रणं आणि टिपणं जमव. अर्जाच्या वेळी तुझ्याकडे दाखवायला काहीतरी हवं.

प्रश्न : आमच्या मंडळाला गेल्या वर्षी केंद्राचं अनुदान मिळालं, नव्या मराठी संगीतरचनांचा दोन दिवसांचा महोत्सव छान झाला. पहिल्या हप्त्यातले 38 हजार उरलेत. दुसरा हप्ता अजून आलेला नाही. उरलेल्या पैशात पुढच्या महिन्यात एक छोटी मैफल करावी असं सभासद म्हणतात. चालेल ना? (खजिनदार, कोल्हापूर)

उत्तर : नाही, खजिनदारसाहेब. पैसे ज्या कामासाठी मंजूर झाले त्याच कामावर खर्च करता येतात. मैफल कितीही चांगली असली तरी ती वेगळं काम आहे. खर्च न झालेली रक्कम परत करावी लागते, आणि अनुदान बँकेत पडून असताना त्यावर मिळालेलं व्याजही सरकारचंच असतं, ते वेगळं दाखवा.

दुसरा हप्ता बहुधा कागदांवर अडला असेल. जीएफआर 12-ए या सरकारी नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला), सनदी लेखापालांनी तपासलेलं खर्चाचं पत्रक, कार्यक्रमाचा अहवाल, छायाचित्रं, हे सगळं गेलंय का? प्रमाणपत्रातला आकडा आणि खर्चपत्रकातला आकडा रुपयापर्यंत जुळतोय का ते तुम्ही स्वतः पाहा, ऑडिटरवर सोडू नका. कलाकारांच्या मानधनाच्या पावत्यांवर सह्या आहेत ना, टीडीएस कापून भरलाय ना, तेही तपासा. एखाद्या वादकाची पावती राहिली असेल तर त्याला फोन करून आत्ताच सही घ्या. तो दौऱ्यावर निघाला की महिनोन्‌महिने सापडणार नाही.

त्या 38 हजारांचं नेमकं काय करायचं, हे मंजुरीपत्रात दिलेल्या कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. मैफलीसाठी सभासदांकडून वर्गणी काढा. महोत्सव छान झाला म्हणता, तर लोक देतील.