पद्मिनीला कटर लावण्यापूर्वी

इंदूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे सातही फोटो मिळाले. रामबागेतल्या घरामागे कडुलिंबाखाली गेली अकरा वर्षे उभी असलेली आजोबांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी पुन्हा चालती करण्याचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून झालेला आनंद पत्राच्या दुसऱ्या पानापर्यंतच टिकला. तिथे तू लिहितेस की मूळ इंजिन काढून एखाद्या नव्या, अपघातात सापडलेल्या गाडीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन बसवायचे, मागे रुंद टायर घालायचे आणि ते मावावेत म्हणून मडगार्डच्या आतला पत्रा कापायचा. मी रागावण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. असाच उद्योग मी तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असताना केलेला आहे आणि त्याची हकीकत तुझ्या वडिलांनाही मी कधी पूर्ण सांगितलेली नाही.

पिथमपूरच्या एका कारखान्यात मी तेव्हा नुकताच लागलो होतो. वडिलांची फियाट, म्हणजे तुझ्या पद्मिनीचेच मूळ रूप, दारात होती, पेट्रोल परवडत नव्हते आणि डिझेल त्या मानाने पुष्कळच स्वस्त होते, म्हणून त्या काळी अनेकजण करत तसे मीही फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतले. इंजिन बसले, सुरू झाले, शहरात महिनाभर उत्तम चालले. मग धुळ्याला एका लग्नासाठी आम्ही निघालो आणि मानपूरच्या पुढे, माळव्याचे पठार संपून रस्ता निमाडात उतरू लागतो त्या घाटात, ब्रेकचे पेडल हळूहळू खाली जाऊ लागले. ब्रेकच्या जळक्या लायनिंगचा (ड्रमवर घासून चाक थांबवणाऱ्या अस्तराचा) वास गाडीत भरला. माझा मेव्हणा शेजारी बसून डबा उघडत होता, त्याला काही कळले नव्हते. डोंगराच्या बाजूला खडीचा ढीग दिसला त्यात मी गाडी घातली, आणि आम्ही वाचलो ते केवळ त्या दिवशी तिथे रस्त्याचे काम चालू होते म्हणून.

काय झाले होते, हे मला नंतर कागदावर मांडल्यावर समजले. नवे इंजिन जुन्यापेक्षा बरेच जड होते आणि ते सगळे वजन पुढच्या चाकांवर आले होते. फियाटचे चारही ब्रेक ड्रमचे. ड्रम तापला की फुगतो, लायनिंगची पकड कमी होते आणि पेडल अधिकाधिक दाबावे लागते. त्यात डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखा हवा अडवणारा थ्रॉटलचा पडदा नसतो, त्यामुळे उतारावर पाय उचलला तरी ते गाडीला तितकेसे आवरत नाही. म्हणजे मी एकाच वेळी वजन वाढवले होते, इंजिनाचा आधार कमी केला होता आणि ब्रेक मात्र होते तेच ठेवले होते. इंजिन बसवणाऱ्या मिस्त्रीचा यात काही दोष नव्हता. मी जे सांगितले ते त्याने नीट केले. गाडीतला प्रत्येक भाग दुसऱ्या भागाच्या हिशेबाने मापलेला असतो, हे कारखान्यात दिवसभर गेज हातात धरणाऱ्या मला ठाऊक असायला हवे होते. तुझ्या आजोबांच्या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. तिचे ब्रेक, मागचे पाटे, स्टीअरिंग सगळे त्या चाळिशीच्या हिशेबाने केलेले आहे. तू शंभराची ताकद घालणार आणि थांबण्याचा विचार पत्रात एका ओळीनेही केलेला नाहीस.

पत्रा कापण्याविषयी मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण तुझ्या खोलीत भिंतीवर होळकरांच्या ड्युसेनबर्ग या अमेरिकी गाडीचे जे चित्र आहे त्यामुळे तुझा गैरसमज झाला असावा असे मला वाटते. यशवंतराव महाराजांची ती १९३५ ची एसजे मॉडेलची गाडी आठ सिलिंडर एका ओळीत असलेली, ६.९ लिटरची, सुपरचार्जर (सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंप) लावलेली. कंपनी तिची ताकद ३२० हॉर्सपॉवर सांगत असे. परंतु अमेरिकेच्या कारखान्यातून निघाली ती केवळ चेसिस आणि इंजिन. अंगावरचा साज लंडनच्या जे. गर्नी नटिंग यांनी चढवला. त्या काळी श्रीमंतांच्या गाड्या अशाच होत. खाली पोलादी चौकट, तिच्यावर गिऱ्हाइकाच्या पसंतीची बॉडी, आणि वरची बॉडी उतरवून दुसरी चढवली तरी गाडी गाडीच राहत असे. इंदूरचा माणिकबाग राजवाडा बांधण्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराला बोलावणाऱ्या महाराजांनी गाडीही घरासारखी रचून घेतली, यात नवल नाही. (माणिकबागेत आता कराचे कार्यालय आहे.)

या चौकटीच्या पद्धतीचे एक उशिराचे अपत्य आपल्याकडेही चालले: मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. तिला वेगळी चेसिस आणि नटबोल्टांनी जोडलेले बॉडीचे तुकडे का, याचे उत्तर अभियांत्रिकीत कमी आणि बाजारात अधिक सापडते. इंग्लंडमध्ये बॉडीचे पत्रे दाबून देणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ साली प्रतिस्पर्धी बीएमसीने (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने) विकत घेतली, तेव्हा हेराल्डची मूळ कंपनी स्टँडर्ड-ट्रायम्फ हिला पुढची गाडी अशी रचावी लागली की तिचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी करून नंतर जोडता येतील. त्या अडचणीतून निघालेल्या गाडीचे बॉनेट दोन्ही मडगार्डसकट पुढे उघडते आणि मेकॅनिक चाकावर बसून इंजिनाचे काम करू शकतो. मला गाड्यांतले सर्वांत जास्त काही आवडत असेल तर हे असे शोध. एखादी गाडी अशी का आहे, हे तिच्या मालकाला विचारून समजत नाही. पाठीवर निजून तिच्याखाली सरकावे लागते आणि कधी कधी जुना इतिहास चाळावा लागतो.

तुझी पद्मिनी यांपैकी कोणत्याही जातीची नाही. ती मोनोकॉक आहे. तिला चेसिस नाही, पत्राच तिचा सांगाडा आहे. दाराखालचा उंबरठ्यासारखा पोकळ पत्रा, मागच्या चाकांच्या आतल्या कमानी, पुढचा आडवा भाग हे सारे मिळून भार वाहतात. कमान कापलीस तर तू शोभेचा पत्रा कापत नाहीस, घराची भिंत कापत आहेस. फोटोंमध्ये डाव्या दाराखाली रंगाचे फुगे दिसतात. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक तिथून फिरव. जिथे ते चिकटणार नाही तिथे पूर्वी कुणीतरी लांबी (पुटी) भरून गंज झाकलेला आहे असे समज. पैसे खर्च करायचे असतील तर पहिले तिथे कर.

कायद्याचेही ऐक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. २०२१ च्या नियमांनी विंटेज वाहनाची वेगळी नोंदणी आली आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूप राखलेली दुचाकी-चारचाकी वाहने तिच्यात बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. तुझी गाडी २०२८ मध्ये त्या वयाची होईल. मात्र तशी नोंदणी झाली की गाडी रोज वापरता येत नाही, केवळ प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी काढता येते. माझे मत विचारशील तर साधीच नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतन करत राहा आणि गाडीने पोहे खायला राजवाड्याला जा. कागद अजून आजोबांच्या नावावर आहेत, तेव्हा वारसाहक्काने नाव बदलण्याचा फॉर्म ३१ आधी भर आणि त्यानंतर नूतनीकरणाचा फॉर्म २५.

एका वाक्यावर मात्र माझी तुझ्याशी भांडण करण्याची तयारी आहे. शेजाऱ्यांच्या मारुती ८०० ला तू "डबा" म्हटले आहेस. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली तेव्हा अँबेसेडर आणि पद्मिनी चालवणाऱ्या आम्हा लोकांना ती खेळणे वाटली होती. मग मी तिचे बॉनेट उघडले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आडवे ठेवलेले, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळे मधून जाणारा शाफ्ट नाही आणि पाय ठेवायला सपाट जागा. लहान गाडीत माणसे बसवण्याचा हा उपाय १९५९ च्या मिनी या छोट्या इंग्रजी गाडीने प्रसिद्ध केला होता. आपल्या घरांपर्यंत तो मारुतीने आणला. ड्युसेनबर्ग पाहण्यासाठी परदेशी जावे लागेल. मारुती तुझ्या गल्लीत उभी आहे आणि तिचा मालक विचारले तर बॉनेट उघडून दाखवील. विचारल्याशिवाय मात्र कुणाच्या गाडीला हात लावू नकोस, ही आपल्या मंडळींतली पहिली शिस्त आहे.

वेगाबद्दल एवढेच. सुपर कॉरिडॉरवर रात्री मुले गाड्या पळवतात तिथे तू जाऊ नकोस. पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे. त्याची वळणे अशी कललेली आहेत की ताशी २५० किलोमीटरपर्यंत गाडी बाहेर फेकली जाण्याचे बळ तो कलच पेलतो आणि स्टीअरिंग जवळजवळ वळवावे लागत नाही. वेगासाठी रस्ता कसा असावा लागतो ते त्यावरून ध्यानात येईल. सुपर कॉरिडॉरवर रात्री गायी बसलेल्या असतात.

आता कामाचा क्रम. बॅटरी लावून चावी फिरवण्याचा मोह आवर. अकरा वर्षांत टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला असेल आणि सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडल्या असतील. चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोड, दोन दिवस थांब, मग हँडल लावून हाताने इंजिन फिरते का पाहा. अडले तर जोर करू नकोस. इंजिनाच्या आधी ब्रेक करायचे, म्हणजे चारही व्हील सिलिंडरची रबरे, होज आणि संपूर्ण ब्रेक ऑइल, कारण ते हवेतले पाणी शोषते आणि आतून गंजवते. पेट्रोलच्या नळ्या नव्या घालताना दुकानदाराला इथेनॉल चालणाऱ्याच माग. आजच्या मिश्र पेट्रोलमध्ये जुनी रबरे मऊ पडतात. फ्यूएल पंपाचा डायफ्रामही त्याच वेळी बदल. हेड अॅल्युमिनियमचे आहे, तेव्हा रेडिएटर तपासल्याशिवाय पाच मिनिटांहून अधिक चालवू नकोस, नाहीतर ते तापून वाकेल. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटचे अंतर मी लावून देईन, ते मोजायच्या पातळ पट्ट्या म्हणजे फीलर गेज माझ्याकडे आहे.

रविवारी आठ वाजता येतो. वडिलांना सांगून कडुलिंबाच्या खालच्या फांद्या छाटून ठेव आणि पुढच्या चाकांजवळ जॅकखाली घालायला दोन जाड फळ्या आणून ठेव. जॅक मातीत रुततो. आणलेला कटर दुकानदार परत घेत असेल तर पावती जपून ठेव.

तुझा,
काका