गुलाबाला कात्री कधी लावायची?

भर पावसात गुलाब छाटायचा विचार सोडून द्या. ओल्या हवेत कापलेल्या टोकातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत मरते. तासगाव-मिरजेकडं द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू झाली, की आपल्या सांगलीतल्या गुलाबाचीही वेळ आली समजा.

आधी वाळक्या, रोगट आणि आतल्या बाजूला वाढलेल्या फांद्या काढा. मग बाहेर तोंड असलेला फुगीर डोळा (नवी फूट जिथून येते तो कोंब) शोधा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला हवा, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा; ओळखीच्या द्राक्षबागायतदाराकडं वाटीभर सहज मिळेल. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा दिसला तर बुडापासून काढा, दयामाया नको. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रानटी झाडावर कलम बांधलं त्याचा असतो, तुमच्या गुलाबाचा नव्हे.

मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं. डिसेंबरात पाणी तोडा, जानेवारीत छाटा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा. बोगनवेल बहर ओसरल्यावर.

कुंपणाची मेंदी, डुरांटा मात्र पावसाळ्यात खुशाल कापा. कापण्याआधी आत डोकावून बघा. बुलबुलाचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबायलाच हवं. कुंपण वर अरुंद, खाली रुंद ठेवा, नाहीतर बुडाला ऊन पोचत नाही आणि तिथं नुसत्या काड्या उरतात.